डेमलो : रेल्वे स्थानकाच्या नावाची संख्या

आजचा धागा एका संख्येच्या इतिहासाचा आहे. संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक. डावीकडून वाचा अथवा उजवीकडून, तीच संख्या. एकापासून नऊपर्यंत चढत जाते आणि तितक्याच पायऱ्यांनी खाली उतरते. गणिताच्या जगात तिला आणि तिच्या लहान भावंडांना एक नाव आहे : ‘आश्चर्यकारक डेमलो संख्या’. ‘डेमलो’ हा कोणी ग्रीक पंडित नव्हे, इटालियन गणितज्ञही नव्हे. ते मध्य रेल्वेवरील एका स्थानकाचे जुने नाव आहे. कुळगाव-बदलापूरहून मुंबईस जाणारी लोकल अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली अशी ओलांडत ज्या स्थानकावर पोहोचते, ती आजची डोंबिवली म्हणजेच हे डेमलो.

१९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेत ‘डेमलो संख्यांचा सिद्धांत’ या विषयावर के. आर. गुंजीकर आणि द. रा. कापरेकर यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात या नावाचा उगम नोंदवलेला आहे. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून ३० मैलांवर असलेल्या डेमलो स्थानकावर कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून हे नाव.

स्थानकांच्या नावांचे हे प्रकरण नवे नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये कल्याणहून आजच्या बदलापूरच्या बाजूने खोपोलीपर्यंत जी. आय. पी. ने रूळ टाकले, तेव्हा इंग्रजी कागदपत्रांत ठाण्याचे ‘टॅना’, कल्याणचे ‘कॅलियन’ आणि खोपोलीचे ‘कॅम्पुली’ झाले होते. उल्हासनगर हे नाव तर १९४९ पूर्वी नकाशावर नव्हतेच. तेथे कल्याणची लष्करी छावणी होती, पुढे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि मग नगराला नाव मिळाले. नावे येतात, बदलतात, पुसली जातात. डेमलो मात्र फलाटावरून गेले आणि अंकगणितात राहिले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला घरातूनच लागली असावी. शालेय शिक्षण ठाण्यात, महाविद्यालयीन पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये गणितातील स्वतंत्र कामाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. पुढचे पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, ते नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर होते. ठाण्याहून देवळालीला जाणारी गाडी डोंबिवलीवरूनच जाते. कल्याणला मात्र ती बदलापूरची वाट सोडून कसाऱ्याच्या घाटाकडे वळते.

आता मूळ मुद्द्याकडे. डेमलो संख्या म्हणजे नेमके काय? दिसायला सुंदर असलेली कोणतीही लांबलचक संख्या डेमलो ठरत नाही. तिचे तीन भाग पडले पाहिजेत. मधल्या भागात एकच अंक, हवा तितक्या वेळा. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की त्या बेरजेतही तोच अंक पुन्हा पुन्हा आला पाहिजे. उदाहरणार्थ २३५५५३२ घ्या. डावीकडे २३, मध्ये ५५५, उजवीकडे ३२. तेवीस आणि बत्तीस मिळून पंचावन्न. मधले पाच आणि बेरजेतले पाच जुळले.

आता आपली सतरा अंकी संख्या याच कसोटीला लावू. डावा भाग १२३४५६७८, मध्ये ९, उजवा भाग ८७६५४३२१. बेरीज करा :

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आठच्या आठ अंक नऊ! तिच्या धाकट्या भावंडांचेही तसेच. १२१ मध्ये एक आणि एक मिळून मधले दोन होतात. १२३२१ मध्ये बारा आणि एकवीस मिळून तेहतीस. या खास डेमलो संख्यांना कापरेकरांनी ‘आश्चर्यकारक’ हे विशेषण लावले आणि १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांच्यावर एक छोटा लेख लिहिला.

या खास संख्या तयार होतात वर्ग केल्याने. अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा वर्ग १२३२१. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग म्हणजे आपली सतरा अंकी संख्या. कारण कोणत्याही मराठी शाळेतील चौथीच्या मुलाला वहीवर दिसेल असे आहे. एकशे अकराला एकशे अकराने गुणताना आपण हे लिहितो :

१११
१११०
१११००

प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उभे रकाने मोजले तर उजवीकडून एकात एक, दुसऱ्यात दोन, मधल्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक असे एक येतात. गुणाकार कसला, ही नुसती मोजणी आहे. नऊ एकांपर्यंत मधल्या रकान्यात जास्तीत जास्त नऊ एक जमतात आणि कोठेही हातचा घ्यावा लागत नाही. या सगळ्या सौंदर्याचे रहस्य इतकेच : हातचा नाही. दहाव्या पायरीवर हातचा येतो आणि इमला ढासळतो. त्या ढासळण्याकडे पुढे येऊच, कारण माझ्या मते खरी गंमत तेथेच आहे.

त्याआधी एक साधा प्रश्न. ही संख्या वाचायची कशी? रोजच्या लाख-कोटीच्या हिशेबाने ती अशी लिहावी लागेल : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. वाचताना ‘एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस’. एकाच दमात दोनदा कोटी म्हणावे लागते, आणि पहिल्या कोटीशी जीभ अडखळते.

भास्कराचार्यांना ही अडचण नव्हती. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त त्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. त्या पद्धतीने प्रत्येक अंकाला स्वतःचे घर मिळते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, मग आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. मोठ्याने म्हणून पाहा. जिना चढून उतरल्यासारखे वाटते. परार्धाचे अठरावे घर तेवढे रिकामे राहते.

भास्कराचार्य हे आपल्यासाठी केवळ पोथीतील नाव नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ म्हणजे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर गणिताच्या अभ्यासासाठी दिलेल्या दानाचा हा दगडी पुरावा. ज्यांना शिवकालाच्या पलीकडचा महाराष्ट्र पाहण्याची इच्छा आहे, त्यांनी पाटणादेवीची वाट एकदा तरी धरावी.

पण सरळ आणि उलट सारख्याच वाचता येणाऱ्या संख्यांचा शोध घेताना भास्कराचार्यांच्याही मागे जावे लागते, आणि येथे कथा खरोखर रंगते.

नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष मान्यखेटहून, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडहून राज्य करीत होता. त्याच्या आश्रयाला महावीराचार्य नावाचे जैन गणिती होते. इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यातील गुणाकाराच्या प्रकरणात काही उदाहरणे अशी आहेत की ज्यांचे उत्तर गळ्यातल्या हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. त्या उत्तरांना ग्रंथकाराने राजाच्या कंठात शोभणाऱ्या अलंकाराची उपमा दिली आहे. त्यांतले एक उदाहरण :

२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

हा सहा एकांचा वर्ग. कापरेकरांची सहावी आश्चर्यकारक डेमलो संख्या, डेमलो हे स्थानक अस्तित्वात येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधी! या संख्येचे वर्णनही महावीराचार्य अंकांनी करीत नाहीत. एकापासून सुरू होऊन सहापर्यंत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी, असे शब्दांत करतात. त्याच मालिकेत आणखी एक गुणाकार आहे : १२३४५६७९ × ९ = १११११११११. उत्तरात नऊ एक, म्हणजे आपल्या सतरा अंकी संख्येचे वर्गमूळच.

मान्यखेट दूर वाटेल, पण त्या काळी उत्तर कोकण याच सम्राटाच्या सत्तेखाली होते. कान्हेरीच्या लेण्यांत अमोघवर्षाच्या काळचे शिलालेख आहेत आणि त्यांत त्याचे मांडलिक म्हणून शिलाहार पुल्लशक्ती व कपर्दी यांची नावे येतात. पुढे याच शिलाहार घराण्याच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्ये, अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले. बदलापूरच्या अलीकडच्याच स्थानकावर उतरून ते पाहता येते. महावीराचार्य हाराच्या संख्या रचत होते तेव्हा आपला हा पट्टा त्यांच्याच आश्रयदात्याच्या राज्यात होता.

मग कापरेकरांचे नवे काय? प्रश्न रास्त आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तो टाळू नये. महावीराचार्यांनी सुंदर उत्तरे निवडली. त्यांचा हेतू विद्यार्थ्याला गुणाकार शिकवताना आनंद देण्याचा होता. कापरेकरांनी त्या सौंदर्याची व्याख्या केली. तीन भाग, मधला अंक, दोन बाजूंची बेरीज ही कसोटी एकदा ठरली की संख्या सुंदर आहे की नाही हे डोळ्यांवर अवलंबून राहत नाही. ती तपासता येते, तिचे प्रकार पाडता येतात, तिच्याविषयी प्रमेये मांडता येतात. अलंकाराचे शास्त्र झाले, ते येथे.

आता त्या सतरा अंकी संख्येच्या पोटात शिरू. नऊ एकांच्या संख्येचे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. यातला शेवटचा सहा अंकी अवयव मूळ संख्या आहे, हे पाहून प्रथम आश्चर्य वाटते. वर्ग केल्यावर प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. म्हणून आपल्या संख्येत तीन चार वेळा, सदतीस दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. या अवयवांच्या जुळण्यांतून तिला नेमके ४५ विभाजक मिळतात.

तिच्या अंकांची बेरीज ८१. आता तिला ८१ ने भागा :

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. हर्ष देणारी ती हर्षद. म्हणजे त्यांची नऊ एकांची डेमलो संख्या त्यांच्याच हर्षद कुळातीलही आहे. असे प्रत्येकीचे होत नाही. १२१ च्या अंकांची बेरीज चार, आणि चाराने १२१ भागले जात नाहीत. पहिल्या नऊ आश्चर्यकारक डेमलो संख्यांत हर्षद फक्त तीनच : पहिली, तिसरी आणि नववी. म्हणजे १, १२३२१ आणि आपली ही थोरली.

भागाकाराचे ते पंधरा अंकी उत्तर तसे विद्रूप दिसते, पण तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. महावीराचार्यांच्या हारातील तीच संख्या, जिच्यात आठ गायब आहे. तिला नऊ नवांनी, म्हणजे ९९९९९९९९९ ने गुणले तर पुन्हा आपलीच संख्या मिळते. कागदावर करायचे तर सोपे आहे : १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये लिहा आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा. वजाबाकी करताना आठ अंक परत येतो, आणि तोही दोनदा.

आता दहाव्या पायरीकडे. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात दहा एक येतात. शून्य लिहून हातचा एक. शेजारच्या रकान्यातील नऊ त्या हातच्याने दहा होतात. तेथेही शून्य, हातचा एक. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात आणि मग शांतता. उत्तर :

१२३४५६७९००९८७६५४३२१

जिना मोडला. डाव्या बाजूचा आठ हरवला, मध्ये दोन शून्यांचा खड्डा पडला. बहुतेक पुस्तके येथे ‘यापुढे ही मांडणी टिकत नाही’ असे लिहून थांबतात. पण कापरेकरांच्याच दुसऱ्या एका शोधाच्या डोळ्यांनी या मोडलेल्या संख्येकडे पाहा.

५५ चा वर्ग ३०२५. त्याचे दोन तुकडे करून बेरीज करा : ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. वर्गाचे तुकडे जोडल्यावर जी संख्या स्वतःच परत येते, तिला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. आता त्या मोडक्या जिन्याचे उजवीकडचे दहा अंक वेगळे करा : ०९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७९०. बेरीज :

१२३४५६७९० + ९८७६५४३२१ = ११११११११११

दहाच्या दहा एक परत! डेमलोचे सौंदर्य जेथे संपते, नेमक्या त्याच पायरीवर कापरेकर संख्या उभी राहते. नऊ एकांच्या बाबतीत हे घडत नाही. तेथे तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९ येते. पहिल्या पायरीवरचा एकटा एक सोडला, तर दोनपासून नऊपर्यंतच्या कोणत्याही एकांच्या संख्येला हे जमत नाही. जो हातचा एक रचना मोडतो, तोच दुसरी घडवतो. या एका गोष्टीसाठी मी हा धागा लिहायला घेतला.

या मास्तरांना हयातीत काय मिळाले? त्यांची ६१७४ ही संख्या आज सर्वांना ठाऊक आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि असेच करीत राहा. खोपोलीच्या रुळांचे वर्ष १८५६ घेतले तर ८६५१ वजा १५६८ म्हणजे ७०८३, मग ८३५२, मग ६१७४. आणि पुढे कायम ६१७४. ही गोष्ट त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. तरीही अनेक भारतीय गणितज्ञांच्या लेखी हे काम क्षुल्लक होते. त्यांनी अनेक पुस्तिका स्वखर्चाने छापल्या. दारूड्याला जशी धुंदी सोडवत नाही तसे आपले संख्यांच्या बाबतीत आहे, असे ते स्वतःबद्दल म्हणत. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या केल्या. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या लोकप्रिय सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि नाव जगभर गेले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

क्षुल्लक म्हणणाऱ्यांची बाजूही समजून घेऊ. यातील बरेच गुणधर्म दहाच्या लेखनपद्धतीवर अवलंबून आहेत. बाराच्या किंवा दोनाच्या पायावर संख्या लिहिल्या की चित्र बदलते; म्हणजे हे संख्येचे नव्हे, तिच्या लिखाणाचे गुण, असा आक्षेप. आक्षेप खरा आहे. पण ती दशमान स्थानपद्धती भारताने जगाला दिली याचा अभिमान सांगायचा आणि तिच्यातील चमत्कार शोधणाऱ्या शाळामास्तराला हसायचे, हे एकाच तोंडाने शोभत नाही.

नावांचे राजकारण याहून बोचरे आहे. हर्षद संख्यांना पाश्चात्त्य पुस्तकांत ‘निव्हन संख्या’ म्हणतात, कारण १९७७ मध्ये आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेत त्यांच्यावर व्याख्यान दिले. कापरेकरांच्या ‘स्वयंभू’ संख्यांचेही असेच झाले. १५ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज ६ मिळवली की २१ होतात, म्हणून २१ चा जनक १५. पण २० ला असा जनक कोणीच नाही, म्हणून २० स्वयंभू. कापरेकरांनी १९६३ मध्ये त्यांवर लिहिले आणि आपल्या गावावरून त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही नाव मिळाले. पण १९७४ मध्ये कोलंबियाच्या एका गणितज्ञाने त्यांवर प्रश्न विचारला आणि त्या ‘कोलंबियन संख्या’ही झाल्या. कोणाचा दोष नाही. ज्याचे नियतकालिक दूरवर वाचले जाते त्याचे नाव टिकते. डेमलोला मात्र प्रतिस्पर्धी नाव मिळाले नाही. पूर्णांकांच्या अनुक्रमांच्या जागतिक कोशात १, १२१, १२३२१ ही माळ ए ००२४७७ या क्रमांकावर ‘आश्चर्यकारक डेमलो संख्या’ याच नावाने नोंदलेली आहे.

ज्यांना बदलापूरहून मुंबईपर्यंतचा प्रवास लांबलचक वाटतो त्यांच्यासाठी एक काम. एकोणीस एकांचा वर्ग करा. मोबाईलचे गणकयंत्र बहुधा पुरणार नाही. वही घ्या, रकाने आखा, हातचे सांभाळा. उत्तर सदतीस अंकी येईल. उजवीकडचे एकोणीस अंक तोडून डावीकडच्या अठरा अंकांत मिळवा. पुन्हा एकोणीस एक मिळतील. त्यानंतर हे घडते थेट अठ्ठावीस एकांना. दर नऊ पायऱ्यांनी असे का, याचे उत्तर नवाने भागल्यावर उरणाऱ्या बाकीत आहे. ज्याला ते सापडेल त्याने खाली लिहावे.